गाडी घाटासाठी घ्या, महाबळेश्वर मात्र पायी बघा

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन मुक्काम महाबळेश्वरला जायचंय. सोबत नवरा, बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. स्ट्रॉबेरी आणि घोडे नेहमीचेच, या वेळी इंग्रजांच्या काळातलं गाव नीट बघायचंय. ड्रायव्हरसह गाडी करावी की आपली गाडी आपण चालवावी? आणि वर गेल्यावर तिथली टॅक्सी घ्यावी लागते का?

मी वाईचा. 1997 पासून गाडी चालवतो, त्यामुळे पसरणी घाट किती वेळा चढलो त्याचा हिशोब आता लागत नाही. आता घरच्या तीन गाड्या आहेत, पण जुनी माणसं बोलवतात तेव्हा स्टिअरिंगवर अजून मीच बसतो. जे सांगतो ते त्यातून आलेलं आहे.

ताई, सासूबाई सोबत आहेत म्हणून ड्रायव्हरसह गाडीच करा. तुमच्या मिस्टरांना गाडी येत नाही असं माझं म्हणणं नाही. पण घाट चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात, त्याला दरी दिसत नाही. आणि पॉइंटवर पोचल्यावर निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात जातो. ड्रायव्हर असला की आजी दारात उतरतात आणि गाडी तो लावून येतो. वय झालेलं माणूस सोबत असताना एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल होतात.

आता पैशाचं, कारण फसगत इथेच होते. बाहेरगावच्या गाडीला बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतात. गाडी तेवढी पळो न पळो, बिल तेवढ्याचं. पुण्याहून महाबळेश्वर साधारण 120 किलोमीटर. जाऊन-येऊन 240, त्यात वरचं फिरणं आणि प्रतापगड धरला तरी तीन दिवसांत 400 च्या पुढे फार जात नाही. किलोमीटरच्या हिशोबाने मात्र तुम्ही 900 चे पैसे देणार. म्हणून या सहलीला किलोमीटरवर जाऊच नका, उक्तं ठरवा: तीन दिवस, दोन मुक्काम, अमुक ठिकाणं, एवढे पैसे. टोल, पार्किंग, पालिकेचा प्रवासी कर, ड्रायव्हरचा भत्ता यातलं काय आत आणि काय बाहेर हे आधीच मेसेजवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं तिसऱ्या दिवशी दोघांनाही वेगवेगळं आठवतं. त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही.

गाडी पिवळ्या पाटीची बघा. ओळखीतली पांढऱ्या पाटीची स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने चालवायला परवानगीच नसते. काही झालं तर विम्याच्या वेळी तो कागद पहिला बघतात.

तुम्हाला घेऊन आलेली गाडी तुम्हाला पॉइंट दाखवू शकते, वर वेगळी टॅक्सी घ्यावीच लागते असं नाही. मात्र ती तिथली दुसरी सवारी भरू शकत नाही. ते पोट तिथल्या टॅक्सीवाल्यांचं आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. त्यांच्या स्टँडवर दरफलक असतो. पुण्याहून फक्त सोडायला गाडी केली आणि वर एक दिवस स्थानिक टॅक्सी घेतली, तर दोघंच जाणाऱ्यांना ते स्वस्त पडतं. तुम्ही पाच जण आहात, म्हणून तुम्हाला एकच गाडी शेवटपर्यंत बरी.

ड्रायव्हर झोपणार कुठे, हा प्रश्न बुकिंग करतानाच हॉटेलला विचारा. बहुतेक जण विचारत नाहीत. काही हॉटेलांत ड्रायव्हरसाठी खोली असते, पुष्कळ ठिकाणी नसते. 2009 च्या जानेवारीत मी एका हॉटेलच्या आवारात सीट मागे करून रात्र काढली. वेण्णा तलावाच्या बाजूला त्या दिवसांत कधी कधी पहाटे गवतावरचं दव गोठतं, इतकी थंडी. काच बंद ठेवली तर कोंडतं, उघडली तर कापतं. डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून केळघर घाटाने मेढ्याकडे उतरताना एका वळणावर माझी मान खाली गेली. क्षणभरच. मागे बसलेल्या आजींनी "अहो, बघा!" म्हणून ओरडलं, तेवढ्यावर निभावलं. गाडी मी बाजूला घेतली आणि पाऊण तास तिथेच झोपलो. पाहुणे काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी मुक्कामाची खोली ठरवल्याशिवाय गाडी काढत नाही आणि माझ्या पोरांनाही काढू देत नाही. ड्रायव्हरला अंथरूण-पांघरूण द्यायचं ते त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. सकाळी तुमची मुलं त्याच्याच भरवशावर घाट उतरणार असतात.

निघायचं पहाटे साडेपाचला, आणि शक्यतो मंगळवार-बुधवार धरून. शनिवारी सकाळी खंबाटकी घाट तुंबतो आणि वर वेण्णा तलावापासून बाजारापर्यंतचा थोडासा रस्ता तासभर खातो. मुलांना दूध पाजून गाडीत बसवू नका. कोरडी पोळी, पोहे असं थोडंसं द्या. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, मोबाईल हातात देऊ नका, आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी जवळ ठेवा. आणि सांगायला लाजू नका. "दादा, जरा थांबा" म्हटलं की कुठलाही शहाणा ड्रायव्हर जागा बघून थांबतो.

इंग्रजांच्या काळाची गोष्ट सुरू होते ती महाबळेश्वरच्या कितीतरी आधी, हायवेवरच. शिरवळ सोडलं की खंबाटकी लागायच्या आधी खंडाळा येतं. लोणावळ्याजवळचं नव्हे, आमच्या सातारा जिल्ह्यातलं, ज्याला सगळे पारगाव-खंडाळा म्हणतात. 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि इंग्रज यांच्यात करार झाला. महाराजांनी महाबळेश्वरचा डोंगर दिला आणि बदल्यात इंग्रजांनी वाई भागातलं हे खंडाळा दिलं. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता सर जॉन माल्कम. म्हणून वर जी पेठ वसली तिचं नाव माल्कम पेठ पडलं, आणि जुन्या कागदांत महाबळेश्वर शहराला तेच नाव दिसतं. मी तिथे गाडी जरा हळू करतो आणि पाहुण्यांना सांगतो. समोर टपऱ्या, पंक्चरची दुकानं, ऊसाच्या ट्रॉल्या. मुलांना खरं वाटत नाही.

सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईकडे वळलात की नाश्ता वाईत करा. ढोल्या गणपती बघा, 1762 मध्ये रास्त्यांनी बांधलेला. वेळ असला तर तीन-चार किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथली मोठी घंटा चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेतून आलेली, म्हणजे पोर्तुगीजांची. आजींना नदीच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसू द्या. इथून पुढे चढच आहे.

पसरणी घाट साधारण बारा किलोमीटरचा. ड्रायव्हर चांगला की नाही हे इथे कळतं, आणि तेही चढताना कमी, उतरताना जास्त. नियम जुना आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. जो उतारावर गाडी न्यूट्रल करतो किंवा ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो, त्याला तिथल्या तिथे सांगा. जळक्या रबरासारखा वास आला तर तो ब्रेकचा असतो. गाडी थांबवून चाकं थंड होऊ द्यायची, पाणी ओतायचं नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न, रात्री अपर-डिपर. तुम्ही एवढं जाणता हे कळलं की ड्रायव्हरही जपून चालवतो.

पाचगणीत टेबललँडवर सगळेच जातात, तुम्हीही जा. पण जॉन चेसन नावाच्या इंग्रजाला विसरू नका. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहणं अशक्य, म्हणून बारा महिने राहता येईल असं गाव त्याने इथे उभं केलं. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा. रस्त्याच्या कडेचे सिल्व्हर ओक ही त्याच्याच काळाची आठवण. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. पुढे कोरड्या हवेमुळे इथे शाळा आल्या आणि क्षयाचे रुग्णही आले. डॉ. बिलिमोरियांनी 1912 मध्ये काढलेलं बेल-एअर आजही दवाखाना म्हणून चालू आहे. 1944 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीला याच गावात येऊन राहिले होते.

महाबळेश्वरात शिरताना नाक्यावर कराची पावती मिळते. ती डॅशबोर्डवर ठेवा, पॉइंटवरची पावती वेगळी असते. दुपारी दोनपर्यंत खोलीवर पोचलात की त्या दिवशी गाडी पुन्हा काढू नका. ड्रायव्हरला झोपू द्या आणि तुम्ही चाला.

हे मी कळकळीने सांगतोय, कारण गाडीवाला असूनही मला दिसतं की गाडीतून हे गाव दिसत नाही. गाडी एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर नेते, आणि मधे जे असतं तेच खरं तर जुनं महाबळेश्वर. बाजाराच्या गर्दीतून दहा मिनिटं बाहेर पडा. अंजनी, जांभूळ, हिरड्याची दाट झाडी, तिच्यातून जाणारे लाल मातीचे रस्ते, आणि आत कुठेतरी जांभ्या दगडाचा बंगला. उतरतं छप्पर, पुढे रुंद व्हरांडा, फाटकाच्या खांबावर बसवलेली नावाची पाटी. कुणी साहेबाने बांधला, पुढे पारशी नाहीतर बोहरी शेठजींनी घेतला, आता माळी एकटाच राहतो. हे बंगले खासगी आहेत, फाटकाच्या आत पाऊल टाकू नका. रस्त्यावरून मात्र पोटभर बघा. भिंतीचा दगड नीट बघाल तर बारीक भोकं दिसतील. जांभा पाणी पितो, आणि इथे पाऊस 5,000 मिलिमीटरच्याही वर पडतो. म्हणून मे संपत आला की जुन्या घरांच्या भिंतींना बाहेरून गवताचे कूड उभे करायचे, अख्खं घर गवतात गुंडाळल्यासारखं दिसायचं. मी लहानपणी वडिलांबरोबर वर आलो की ते बघायचो. आता त्या जागी प्लॅस्टिक आणि पत्रे दिसतात.

चालताना मुलांना एक गोष्ट सांगा. इंग्रजांनी इथे एक तुरुंग काढला होता आणि त्यात सिंगापूर-मलायाकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. त्यांनी इथे साहेबांच्या ताटातला बटाटा आणि विलायती भाजीपाला पिकवला, वेताच्या टोपल्या विणल्या. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला. चायनामन धबधबा हे नाव त्यांच्या बागांमुळे राहिलं. घरापासून हजारो मैलांवर डोंगरात बेड्या घालून आणलेली ती माणसं. त्या धबधब्यापाशी पाहुणे फोटो काढत असतात तेव्हा मला दर वेळी त्यांची आठवण येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आर्थर सीट. सातला म्हणजे सातलाच. दहानंतर तिथे गाड्यांची रांग लागते आणि सूर्य वर आला की दरी पांढुरकी होते. जुने लोक या जागेला मढीमहाल म्हणतात. आर्थर मॅलेट नावाच्या अधिकाऱ्याने इथे पहिलं घर बांधलं, म्हणून ते नाव. त्याची बायको आणि तान्हं मूल सावित्रीत बुडून गेलं आणि तो इथे बसून त्या नदीकडे बघत राहायचा, असं गाइड सांगतात. बसून बघत राहण्याचं मला ठाऊक नाही, पण खाली कोकणात उतरत जाणारी सावित्रीची दरी समोर असताना गोष्ट ऐकली की कुणी बोलत नाही. एक गोष्ट मुलांना करून दाखवा. कठड्याच्या आत उभं राहून वाळलेलं हलकं पान दरीत सोडायचं. पान थोडं खाली जातं, थबकतं, आणि कड्यावरून वर येणाऱ्या वाऱ्याने डोक्यावरून मागे येऊन पडतं. प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं लोक टाकतात, ते करू नका. माकडांपासून हातातल्या पिशव्या सांभाळा आणि गाडीच्या काचा वर असू द्या.

परत येताना क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेचं देऊळ, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम. यादव राजा सिंघणाने तेराव्या शतकात इथे बांधकाम केलं. शिवाजी महाराजांनी 1665 च्या जानेवारीत जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली ती इथेच. आजींना घाई करू नका. त्यांना दर्शन होईपर्यंत तुम्ही जवळच्या कृष्णाबाईच्या दगडी देवळात जाऊन या. तिथे गर्दी नसते, गोमुखातून पाण्याची धार पडत असते आणि समोर कृष्णेचं खोरं उघडं होतं.

मग दुपारी विश्रांती, आणि चारला लॉडविक पॉइंट. गाडी अलीकडे उभी करून पुढे चालावं लागतं, आजींना गाडीत थांबू द्या, ड्रायव्हर सोबत असतोच. टोकाकडे जाताना एक स्तंभ आहे. जनरल पीटर लॉडविक 1824 मध्ये झाडी तोडत हा डोंगर चढला आणि इथल्या हवेची कीर्ती त्याने मुंबईपर्यंत नेली. त्याच्या मुलाने 1874 मध्ये हा स्तंभ उभारला. या डोंगरावर पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय, असं त्यावर कोरलंय. सकाळी क्षेत्राला जाऊन आलेल्या माणसाने हा कोरीव लेख वाचला की त्यातला "युरोपीय" हा शब्द नीट दिसतो. म्हणूनच मी क्षेत्र आधी आणि लॉडविक नंतर ठेवतो.

महाबळेश्वर इंग्रजांनी वसवलं हे सगळे म्हणतात, आणि त्यात अर्धंच खरं आहे. साताऱ्याहून मेढ्यावरून वर येणारा पहिला रस्ता प्रतापसिंह महाराजांनी करून दिला. वेण्णा तलाव 1842 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ अप्पासाहेब महाराजांनी बांधवला. तोपर्यंत इंग्रजांनी प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं होतं. नाव मात्र पेठेला माल्कमचं, आणि पॉइंटांना फॉकलंड, कार्नॅक, बॅबिंग्टन, एल्फिन्स्टन. सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट झाला. नाके खिंडीला माल्कमच्या मुलीचं नाव लागून केट्स पॉइंट झाला. तुमच्या ड्रायव्हरला जुनी नावं विचारा. आमच्या भागातला असेल तर त्याला ठाऊक असतात, पण कुणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही.

संध्याकाळी बॉम्बे पॉइंट. सूर्यास्त सगळीकडून दिसतो, पण मुंबईचा जुना रस्ता इथून जायचा म्हणून हे नाव. रेल्वे नव्हती तेव्हा साहेबलोक मुंबईहून बोटीने बाणकोटला यायचे, सावित्रीच्या खाडीने वर महाडच्या बाजूला, आणि तिथून पालखीत बसून पार घाटाने इथवर. एका साहेबाला वर आणायला किती भोई लागत असतील याचा विचार करा. पुढे वाठार स्टेशन झालं आणि टांगे सुरू झाले. आमच्या धंद्याची सुरुवात तिथली.

तिसऱ्या दिवशी प्रतापगड करायचा असेल तर सकाळीच. आंबेनळी घाट पसरणीपेक्षा अवघड आहे आणि दुपारनंतर कधीही धुकं उतरतं. अंधाराच्या आत वर परत आलंच पाहिजे. पायऱ्या चारशेच्या वर आहेत, आजींना खालच्या बाजूच्या घरगुती खानावळीत पिठलं-भाकरी खात बसवा. धुक्यात ड्रायव्हरने गाडी थांबवली तर "चला, काही होत नाही" असं म्हणू नका. त्याला जेवढं दिसतं तेवढं मागच्या सीटवरून दिसत नाही.

निघताना बाजारात चिक्की, चणे, मध घ्या. ड्रायव्हरला त्याच्या घरासाठी स्ट्रॉबेरीची एक पेटी दिलीत तर त्याच्या मुलांना कळतं की बाबा कुठे गेले होते. जेवायला थांबाल तिथे तो जेवला का, एवढं विचारा. परतीचा हिशोब पुण्यात दारात करू नका, वाईत चहाला थांबाल तेव्हाच करा. पावत्या समोर ठेवून, दिवस शांत असताना.

परतताना गाडी खंबाटकी चढत नाही, बोगद्यातून जाते. बोगदा संपला की उताराला नागमोडी वळण आहे, तिथे पुष्कळ गाड्या उलटल्यात, तेव्हा ड्रायव्हरशी बोलू नका. वळण सरलं की लगेच खंडाळा. तेव्हा मुलांना उठवा आणि दाखवा, दोन दिवस जो डोंगर फिरलो तो या गावाच्या बदल्यात दिला होता.